मॅरेथॉनचा दुखवटा

न्हाई न्हाई, हात जोडतो, तुम्ही तरी आता "लई वाईट झालं हो टेलर" आसं म्हनू नका! म्हयना झाला त्या गोष्टीला, तरी मुरुडात मी दिसलो की मानसाचं तोंड लांब होतं… माप द्यायला येतेत, हात वर करतेत, आन् हात तसाच वर ठिवून इचारतेत, "कशानं वो रद्द झाली?" आता मला काय म्हाईत कशानं? मेसेजात लिवलेलं, 'अपरिहार्य कारणास्तव'. अपरिहार्य म्हंजे काय, ते लिवनाऱ्याला तरी ठाव आसंल का?

तुम्हाला सांगतो, उभी हयात मी मिशनीवर बसून काढली. बसून बसून शुगर झाली. डाक्टर म्हनले, "टेलर, जरा चाला." चालाय लागलो. तर आमच्या गल्लीत आनंदराज सर हायती, झेडपीच्या शाळेवर, त्यांना पळायचं लई याड. ते म्हनले, "चालता काय म्हाताऱ्यावानी? पळा!" पळाय लागलो. मंग म्हनले, "नांदेडला हाफ मॅरेथॉन हाय, तुमचं नाव देऊन टाकतो." मी म्हनलं हाफ म्हंजे अर्धीच की, अर्धी ती किती आसनार… आन् मान हलवली. नाव दिल्यावर कळलं, अर्धी म्हंजे एकवीस किलोमीटर! आवं, एकवीस किलोमीटर मी एस्टीत उभा राहून जात न्हाई!

नऊ म्हयने पळालो वो. सर म्हनले आखूड चड्डी घाला, तर आमची सिंधु म्हनली, "चड्डीवर पळनार? माझ्या माहेरची मानसं ह्याच रस्त्यानं येतेत-जातेत!" मंग मीच शिवली, गुडघ्याच्या खाली चार बोटं, नाडीची, वर दोन खिसे. समदं झालं. पन आतली गोष्ट सांगतो, कुठं बोलू नका… बाराच्या फुडं मी कवा गेलोच न्हाई! बारा किलोमीटर झाले की पोटऱ्यात गोळे, डोळ्याफुडं काजवे. सर म्हनायचे, "फिकीर करू नका, ऐन वक्ताला जोश येतो." आता जोश काय एस्टी हाय का, टायमाला यायला? एस्टी तरी कुठं येती म्हना…

आन् आशात तो मेसेज आला. एका शर्टाची बाही जोडून राहिलो व्हतो. वाचला. चष्मा पुसून परत वाचला. तुम्हाला सांगतो, आसं वाटलं… सुटलो! सुटलो बाबा! दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आन् आत एकट्यानं, तोंडात कापड कोंबून हसलो!

हसतच घरी गेलो, तर सिंधु देवाफुडं बसलेली. डोळं लाल. तिला आनंदराज सरांनी आधीच सांगितलेलं. तिनं शिरूर अनंतपाळात, साऱ्या माहेरात, घरोघर सांगितलेलं की वो, "आमचे हे नांदेडात पळनार हायती." त्या बाईचं तोंड बगून हसनार कसं? हसू गिळलं आन् मी बी भिंतीला टेकून, कपाळाला हात लावून बसलो.

झालं! दार उघडं, आन् दारातनं आली धुरपताबाई, शेजारची. आमा दोघांना तसं बगितलं आन् खालीच बसली. मंग पदर तोंडाला लावला, "कवा कळलं रं लेकरा?"

"आज दुपारी."

"कोन आलतं सांगाय?"

"मेसेज आला."

"आगं बाई! मेसेजवरच?… परवापर्यंत तर चांगली व्हती की!"

आता सांगा! मॅरेथॉन चांगली व्हती परवापर्यंत! जाताना म्हनती कशी, "आज चूल पेटवू नका," आन् सांजच्याला भाकरी-पिठलं घेऊन हजर. मंग काय, सारी गल्ली लोटली. येनारा येतोय, चप्पल काढतोय, गप बसतोय, उसासा सोडतोय, चहा पितोय, "आपल्या हातात काय आसतं?" म्हनून उठतोय. दोन दिवस! आन् मी आपला आतून सुटलो सुटलो म्हनत, वरून मान खाली घालून! हसू दाबून दाबून माझ्या बरगड्या दुखाय लागल्या, तर लोक म्हनले, "लई मनाला लावून घेतलंय टेलरनं."

तिसऱ्या दिवशी आला आमचा मेव्हना, अण्णाराव. बुलेट दारात लावली, आत आला, माझ्या खांद्यावर हात ठिवला. "दाजी, रडायचं न्हाई! त्यांनी रद्द केली तर केली. आपुन हितंच घेऊ! आयतवारी! लातूर रोडनं साडेधा जायचं, साडेधा यायचं, एकवीस!" मी म्हनलं, "आरं नको, लोकान्ला कामून तकलीफ…" तर म्हनतो, "बोर्ड छापायला टाकून आलोय, दाजी." मी सिंधुकडं बगितलं. ती माझ्याकडंच बगून राहिली व्हती. आता ह्या तोंडाला न्हाई कसं म्हनावं? हाव म्हनलं.

आयतवारी पहाटं चौकात बगतो तर हालगी! बायांनी ओवाळलं, कुनी टोपी घातली, कुनी ती काढून फेटा बांधला. फेटा बांधून कोन पळतं वो? मी पळालो! मागं ट्रॅक्टर, मी पडलो तर उचलायला… त्यात गादी बी टाकलेली! शेजारी बुलेटवर अण्णाराव, मागं सिंधु, हातात लिंबूपान्याची बाटली. आनंदराज सर गेले फुडं वाऱ्यावानी, ते परत दिसलेच न्हाईत.

आन् रस्त्यानं पाहुनचार! "टेलर, च्या घ्या." आवं, पळून राहिलो न्हवं मी? "मंग उभ्यानं घ्या." फुडं एकजन पोहे घेऊन उभा. त्याच्या फुडं तर एकानं खुर्चीच टाकलेली. आन् त्यात एक गडी मोटारसायकल माझ्या बरुबर चालवत म्हनतो, "टेलर, लगीन आठ दिवसावर आलंय, सफारी झाली का?" आता तुम्हाला काय लपवायचं, त्याचं कापड मी कापलं बी न्हवतं! तवा, नऊ म्हयन्यात पहिल्यांदा, माझ्या अंगात तो जोश आला! आसा सुटलो म्हंता, ट्रॅक्टर मागं राहिला!

पन बारा झाले आन् झालं, पोटऱ्यात गोळा. मनात आलं, पडावं आता, गादी हाय. कोन काय म्हननार? सुटलो बाबा, म्हनावं आन् झोपावं. आन् सहज बाजूला बगितलं तर सिंधु… बाटली छातीशी धरलेली, डोळ्यात पानी. म्या माझं मलाच म्हनलं, वैजनाथा, आज पडलास तर ही बाई माहेरात तोंड कसं दावनार? कधी तिला मानाचं काय दिलंस तू? पळ! मंग पळालो, लंगडलो, चाललो, फुडं फुडं तर काय केलं माझं मला ठाव न्हाई… पन चौकात आलो. हालगी वाजली, लोकांनी उचललं, आन् मी त्यांच्या खांद्यावरनं वरडलो, "सुटलो!"

सांजच्याला सिंधु गरम पान्यात मीठ टाकून माझे पाय शेकत बसली, आन् एकदम हुंदका दिला. "सुटले बाई एकदाची!"

मी म्हनलं, "तू कशातनं सुटलीस?"

"आवं, टीव्हीवर एकजन पळता पळता पडला, जाग्यावर गेला… तवापासनं रोज तुमी परत येस्तोवर माझा जीव दारात. रद्द झाली तवा मी देवाला हात जोडून रडले, म्हनलं सुटले! पन तुमी आलाव आन् कपाळाला हात लावून बसलाव."

"आगं, तू रडत व्हतीस म्हनून मी बसलो! मी दुकानात शटर ओढून हसलो व्हतो!"

"आं? मंग मी अण्णारावला फोन कामून केला? तुमचं तोंड बगवना म्हनून केला की!"

बगा! बगा आता! फोन बी हिनंच केलेला! घरात एक वाक्य खरं बोललो आसतो, तर एकवीस किलोमीटर वाचले आसते का न्हाई? तिला म्हनलं, "सिंधे, मला जरा तरी इचारायचं!" ती म्हनली, "तुमी इचारलं का?" आन् दोघं आसं हसलो, आसं हसलो, छातीवरला धोंडा उतरला बगा. ठरलं. आता पळनं बंद. निवांत झोपायचं.

दुसऱ्या दिवशी पहाटं डोळा उघडला तर चुलीवर पानी ठिवलेलं आन् सिंधु साडीचा काष्टा मारून दारात उभी, पायात माझे जुने बूट. म्हनली, "तुमची सवय एकदम तुटली तर करमायचं न्हाई तुमाला. मी बी येते संगट, म्हंजे मला घोर न्हाई." आता इतक्या हौसंनं उठलेल्या बाईला न्हाई कसं म्हनावं? बूट घातले, निघालो.

म्हयना झाला. मला वाटतंय हिला लई आवडतंय, हिला वाटत आसंल मला लई आवडतंय… आन् इचारायची हिंमत दोघांत न्हाई. म्हनून रोज पहाटं, लातूर रोडनं, नवरा-बायको पळून राहिलोत!