चाळलेला भुसा

लढाईचे दिवस, चहाच्या पुडीची टंचाई. शेवगावच्या मोटारस्टँडजवळच्या हॉटेलात, माझ्या शेजारच्या बाकावर सहादेव सुतार आणि त्यांचे व्याही रंगनाथ चहा पीत बोलत होते.

"घरात लई भुसा उडतो, व्याही. मालकीन खोकती. करवतीखाली पत्र्याचं नरसाळं बसवतो, भात्यानं वारा घालतो, म्हंजी भुसा नळातनं भाईर दोन पोत्यात."

"मग पोती दोन कशाला?"

"मधी चाळन लावनार. जाड एकात, बारीक दुसऱ्यात."

"शेगडीला जाड लागतो. बारीक कोन नेतंय?"

"हाय गिऱ्हाईक. बाभळीचाच मागतो, तांबूस. कडुलिंबाचा नको म्हनला, कडू लागतो."

"लागतो? कुनाच्या तोंडाला?"

"मला काय ठावं? ह्या हाटेलाचा मालकच तर नेतो."

माझा चहाचा दुसरा कप नुकताच संपला होता.