सगळ्यात लहान आधी उठतं

(सेंट पीटर्सबर्गमधल्या एका लहान घराचं स्वयंपाकघर. दाराशी बांधलेली बॅग. ताइसिया, तिची सासू नोन्ना अर्काद्येव्ना आणि सहा वर्षांची ग्लाशा गप्प बसल्या आहेत. शेगडीवरच्या किटलीचं झाकण खडखडू लागतं.)

नोन्ना : मोडलं. प्रवासाला निघण्याआधी घटकाभर गप्प बसायचं असतं, तेवढंही या घरात धड होत नाही. शेगडी कुणी चालू ठेवली?

ताइसिया : मीच. म्हटलं, जाताना चहा घ्याल.

नोन्ना : आता पुन्हा पहिल्यापासून बसावं लागणार.

ग्लाशा : आजी, पुन्हा पण मीच आधी उठायचं?

नोन्ना : सगळ्यात लहान असेल त्यानं आधी उठायचं. तोवर कुणी हलायचं नाही. तुझे बाबा असे टुणकन उठायचे.

ताइसिया : टॅक्सीला वेळ आहे, नोन्ना अर्काद्येव्ना. कोट काढा ना. ओतते चहा.

ग्लाशा : आणि आई टीव्हीवर लागणारे आता. राणी झालीये.

नोन्ना : राणी नव्हे, सम्राज्ञी. येकातेरीना. मला नाही बघायचं ते.

ग्लाशा : मला बघायचंय. आजीच्या घरी वोलोग्दाला गेल्यावर आई कुठे दिसणारे?

नोन्ना : लाव मग. आवाज बारीक ठेव.

ताइसिया : शाळा सुरू होईपर्यंतच जायचंय, राणी.

नोन्ना : बघू. वोलोग्दालाही शाळा आहेत.

ताइसिया : असं ठरलं नव्हतं आपलं.

नोन्ना : तुझं ठरतं कधी काही? पहाटे शूटिंगला जातेस, परत कधी येशील ते देवाला ठाऊक. पोर आज या शेजारणीकडे, उद्या त्या. माझा ग्लेब होता तेव्हा गोष्ट वेगळी होती.

ग्लाशा : लागलं. हे कोण बोलतंय?

ताइसिया : निवेदक. गोष्ट तो सांगतो, आम्ही नुसतं वावरायचं. आमचा आवाज घेतच नाहीत.

ग्लाशा : ती तू ना, पलंगावर? आणि ही जाडी बाई कोण, बाळ घेऊन चाललीये ती?

ताइसिया : तेव्हाची सम्राज्ञी, येलिझावेता. बाळाच्या बाबांची मावशी. बाळ जन्मलं तसं तिनं उचललं आणि आपल्या दालनात नेलं.

ग्लाशा : का पण?

ताइसिया : तिला वाटलं असेल, ही पोरगी कसली बाळ सांभाळतेय.

नोन्ना : मला ऐकवतेस का?

ताइसिया : इतिहास आहे, नोन्ना अर्काद्येव्ना. मी नाही लिहिला.

नोन्ना : साखर दे इकडे.

ग्लाशा : बाळ खरं होतं?

ताइसिया : काळ्या पावाची लादी होती. दुपट्यात गुंडाळलेली.

ग्लाशा : मग पावासाठी एवढी रडतेयस?

ताइसिया : रडायचंच होतं तिथे.

ग्लाशा : तो माणूस म्हणतोय, ती पाणी मागतेय आणि कुणी देत नाही. पण आई, तू पाणी नाही म्हणत. तुझ्या तोंडाकडे बघ ना. ग्लाशा म्हणतेयस.

ताइसिया : दिग्दर्शक म्हणाले, ओठ हलवा, काहीही म्हणा. तेच आलं तोंडात.

नोन्ना : चहा गार झाला माझा.

ग्लाशा : जाहिराती लागल्या.

नोन्ना : ग्लाशा, तुझा ससा बॅगेत भरलास का? जा, पलंगाखाली बघून ये. नीट शोध.

ताइसिया : तिला मुद्दाम पाठवलंत.

नोन्ना : हो. शेवटी ती शवपेटी दाखवणार असतील ना?

ताइसिया : दाखवणार. दुपारभर तोंडाला मेण फासून म्हातारी केलं मला, मग आत निजवलं.

नोन्ना : शवपेटीतून उठलं की कॅमेऱ्याला मुठीच्या दोन बोटांमधून अंगठा काढून दाखवायचा. मरणाला वाकुल्या. मी गिरणीतली बाई, मलाही माहीत आहे. तुम्हा नटांना कुणी सांगायला हवं होय?

ताइसिया : मला माहीत होतं.

नोन्ना : मग?

ताइसिया : उठून बसले तेवढ्यात फोन आला. ग्लेबचा. ग्लाशाचा पहिला दात पडला म्हणून सांगत होता. हसत होता इतका, की मीही शवपेटीत बसूनच हसत राहिले. फोन ठेवला तोवर दिवे विझले होते, कॅमेरा नेला होता. दुसऱ्या दिवशी ट्राममध्ये आठवलं.

नोन्ना : आणि नेवा नदीचा बर्फ वितळायच्या आत माझा मुलगा गेला.

ताइसिया : रस्ता निसरडा होता. ट्रक घसरला.

नोन्ना : तू मानतेस तसं?

ताइसिया : दिवसा मानते.

नोन्ना : म्हणून नेतेय पोरीला. तुझ्यावरच्या रागानं नाही. राग आहेच, पण त्यासाठी नाही. या घराचं कुठलंतरी दार उघडं राहिलंय, ताया.

ताइसिया : मी आरशासमोर मूठ धरून उभी राहते. रोज. उशिरा केलेलं चालतं का हो?

नोन्ना : नाही गं माहीत.

ताइसिया : ग्लाशाशिवाय मला कुणी उरलेलं नाही.

नोन्ना : आणि मला? तिच्या डोक्यावरचा भोवरासुद्धा त्याच जागी आहे. केस विंचरताना हात थांबतो माझा.

ताइसिया : ग्लेबनं मला तोत्माचं सांगितलं होतं.

नोन्ना : काय सांगितलं?

ताइसिया : तुम्हाला गिरणीत रात्रपाळी होती, म्हणून तुमच्या सासूबाई त्याला लहानपणी आपल्या गावी, तोत्माला घेऊन गेल्या.

नोन्ना : हिवाळ्यापुरतं म्हणाल्या होत्या. मग म्हणाल्या, आता कशाला हलवतेस, थंडी आहे. मग खोकला होता. शाळेत घालायला आणायला गेले, तर त्यांच्या झग्यामागे लपला. म्हणाला, या काकू कधी जाणार?

ताइसिया : त्या वाईट होत्या?

नोन्ना : छे. वाईट असत्या तर बरं होतं. मोजे विणायच्या त्याला, रात्री गाणी म्हणायच्या. शिव्या तरी कशाबद्दल घालू?

ग्लाशा : ससा सापडला. आजी, खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवतोय.

नोन्ना : टीव्ही बंद कर, ताया. बसा सगळ्या. या खेपेला नीट.

ताइसिया : ये, ग्लाशा. बटण लावते वरचं.

नोन्ना : श्श. बसलो आता.

ताइसिया : ग्लाशा. ऊठ, राणी.

ग्लाशा : अजून थोडा वेळ.

नोन्ना : पुरे झालं, बाळा. तू उठल्याशिवाय आम्हाला हलता येत नाही.

ग्लाशा : माहितीये. म्हणून तर बसलेय.

ताइसिया : आगगाडी चुकेल तुमची.

नोन्ना : बसू दे तिला. थांबला तर थांबला टॅक्सीवाला.

ग्लाशा : आजी, मध्ये बोललं की मोडतं ना हे?

नोन्ना : मोडतं. पुन्हा पहिल्यापासून बसावं लागतं.

ग्लाशा : मग विचारते. ते टीव्हीतलं बाळ मोठं झाल्यावर कुणाला आई म्हणायचं?