घरात आधी कोणाला कळतं?

तुम्हाला सांगते, मी थेरपी शिकत होते तेव्हाची गोष्ट आहे. चिंचवडला आमच्या समुपदेशन केंद्रात निघोजे गावातलं एक कुटुंब आलं. दत्ताभाऊ, त्यांची बायको सुनीताताई आणि म्हातारी आई. कंपनीतली नोकरी गेली तेव्हापासून चार महिने दत्ताभाऊ घरात कोणाशी बोलत नव्हते.

सुनीताताई म्हणाल्या, "ह्यांच्यात काय बिघडलंय ते बघा मॅडम."

आम्हाला शिकवलं होतं, की एकट्या माणसाला धरून बसायचं नाही, सगळ्या घराकडे बघायचं. आणि बिघडलंय काय यापेक्षा शाबूत काय आहे ते शोधायचं. म्हणून मी त्यांच्या आईला विचारलं, "आजी, दत्ताभाऊंना जरा बरं वाटतंय, हे घरात सगळ्यात आधी कोणाला कळतं?"

"म्हशीला," आजी म्हणाल्या.

मला वाटलं, झालं, प्रश्नच चुकला माझा. पण आजी पुढे म्हणाल्या, "तिच्यासंगं बोलतो की त्यो. रोज धार काढताना. मी भाईरनं ऐकती."

सुनीताताईंनी हळूच विचारलं, "काय बोलत्यात?"

"तुझंच. सुनीताला तोंड कसं दाखवू, म्हनतो."

दत्ताभाऊंनी मान खाली घातली. सुनीताताई डोळे पुसून म्हणाल्या, "उद्यापास्नं मीबी येती गोठ्यात."

तेव्हा दत्ताभाऊ बायकोशी चार महिन्यांतलं पहिलं वाक्य बोलले, "पाचला उठावं लागंल."