शंभर टक्के चार्जिंग आणि पुढे घाट

मला एक सांगा, घाटात उतारावर गाडी आवरायची तर माणूस काय करतो? ब्रेक दाबतो! सगळं जग दाबतं हो, फक्त आमच्या घरात ब्रेकला पाय लावणं म्हणजे पाप... इलेक्ट्रिक गाडी घेतल्यापासून आमच्या ह्यांचं एकच पालुपद, "पाय उचल, सुनेत्रा, नुसता पाय उचल! ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी आपोआप हळू होते, आणि वर बॅटरीही भरते! रेकुपेरात्सिओन!" हे रेकुपेरात्सिओन त्यांनी शेजारच्या आजींना सांगितलं, पोस्टमनला सांगितलं, सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींना सांगितलं... आणि तुम्हाला सांगते, हे इंजिनियर आहेत खरे, पण गाडीच्या दिव्यांचे!

तर त्या शनिवारी आम्ही जर्मनीतल्या आमच्या हेर्त्सोगेनआउराखहून निघालो ते आल्गॉयच्या डोंगरात, मुलीच्या होणाऱ्या सासरी. पहिलीच भेट! आमच्या ऋचाचं आणि लुकासचं ठरलंय, आता आईबापांनी बसून लग्नाची तारीख काढायची. ऋचा आधीच तिथे जाऊन बसलेली, आठवडाभर फोनवर माझ्याकडून घोकून घेत होती, "आई, तीन म्हणजे तीन हं! पुंक्टलिश, अगदी वेळेवर! लुकासची आई बरोब्बर तीनला कॉफी ओतते." म्हणजे बघा, मुलीची अब्रू माझ्या उजव्या पायात! कारण ह्यांची कंबर धरलेली, गाडी मी चालवत होते, आणि मला जर्मन लायसन्स मिळालंय तिसऱ्या खेपेला...

घाटमाथ्यावर जेवायला थांबलो, गाडी चार्जिंगला लावली. जेवण होईपर्यंत ऐंशी टक्के झालं. खाली गाव जेमतेम अकरा किलोमीटर. मी म्हटलं, "अहो, पुरे की." तर म्हणाले, "वेडी आहेस का? मुलीच्या सासरी पाणीसुद्धा मागू नये म्हणतात, आणि आपण वीज मागायची?" झालं! बसलो कोट घालून, केली गाडी शंभर टक्के.

आणि निघालो... दोन्हीकडे बर्फाच्या भिंती, रस्ता चकचकीत, आणि आलं पहिलं वळण. "पाय उचल, सुनेत्रा!" उचलला. गाडी? गाडी चाललीच आहे! "अहो, हळू होत नाहीये!" "नीट उचल!" आता पाय नीट उचलायचा म्हणजे काय करू, मांडी घालून बसू? समोर पडद्यावर जर्मनमध्ये काहीतरी पिवळं पिवळं उमटलं. "काय म्हणतेय ती?" "ते थंडीचं असतं, लक्ष देऊ नकोस, पाय उचल!" आणि हे सांगणाऱ्या माणसाचे स्वतःचे दोन्ही पाय पुढे ताणलेले, नसलेला ब्रेक इतका दाबताहेत की खालचं पायपुसणं गोळा झालं! मी म्हटलं मरू दे ते रेकुपेरात्सिओन, आणि दाबला खरा ब्रेक... पायाखाली टरटरटर झालं, गाडी अगदी सावकाश, लोण्यावरून सरकावी तशी सरकली आणि कडेच्या बर्फात नाक खुपसून थांबली. कुणाला खरचटलंही नाही. पण घड्याळात पावणेतीन!

ऋचाला फोन केला. "ओ गॉट, आई! हलू नका, कुणाला तरी पाठवते." तीन वाजले... सव्वातीन... माझ्या डोळ्यांसमोर ती गार होत चाललेली कॉफी! लेकीला काय वाटत असेल, त्या लोकांना काय वाटत असेल... रडूच आलं हो. आणि शेजारून बारीक आवाजात, "पाय जरा आधी उचलायला हवा होतास..."

साडेतीनला ट्रॅक्टर आला. वर एक बाई, लोकरीची टोपी, गुडघ्यापर्यंत बूट. ती दोर बांधायला वाकते तोच ह्यांनी जर्मनमध्ये सुरू केलं, "आल्झो, रेकुपेरात्सिओन म्हणजे..." दहा मिनिटं! बर्फात उभं राहून! ती आपली "या, या... गेनाऊ...", म्हणजे हो हो, अगदी बरोबर, करत गाठ मारतेय. शेवटी तिने विचारलं, बॅटरी किती होती? "शंभर टक्के!" हे छाती काढून. अशी हसली ती बाई! म्हणाली, इथे वरून निघताना कुणी भरून निघत नाही, उतारावर तयार झालेली वीज ठेवायला बॅटरीत जागा नको? जागा नाही, तर पाय उचलून गाडी आवरणार कशी? मला एका क्षणात पटलं! गळ्यापर्यंत जेवलेल्या पाहुण्याला आणखी पुरणपोळी वाढली, तर तो ताटावर आडवा हात धरणारच ना! एवढं सोपं, आणि दोन वर्षं मी पाय उचलतेय...

मग तिने हातमोजा काढला, माझा गारठलेला हात हातात घेतला आणि म्हणाली, "मी लुकासची आई. कॉफी थर्मासमध्ये भरून ठेवलीय."

आता बोला! विहीणबाईंनी दोर लावून घरी नेलं आम्हाला! साडेचारला कॉफी झाली, पाचला तारीख निघाली, मे महिन्यातली. ऋचा कानात म्हणाली, "आई, तू आवडलीस त्यांना." बाबांचं विचारलं, तर म्हणाली, "केक घे ना अजून."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घाट चढवून द्यायला ह्यांनी किल्ली विहीणबाईंच्या हातात दिली, व्याही बायकोला परत न्यायला ट्रॅक्टर घेऊन मागून आले, आणि हे मागच्या सीटवर बसून घाटमाथा येईपर्यंत एक शब्दही बोलले नाहीत.