गाण्यात पुकारलेलं नाव

लोणी काळभोरच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक लोकगीतं गाणारे गृहस्थ बसले होते, शेजारी त्यांची बायको. फोनवर त्यांचं नवं गाणं वाजत होतं.

“अहो, गाण्यात मध्येच का थांबलात?”

“सवय गं. कार्यक्रमात कडवं झालं की लोक बक्षीस देत्यात, मी थांबून नाव पुकारतो. स्टुडिओतबी थांबलो.”

“तिथं कोण होतं बक्षीस द्यायला?”

“कुणी न्हाई. पुढं ऐक की.”

“अगंबाई! ‘जयाबाई रतन साळवे यांच्याकडून शंभर रुपये!’ मी कधी दिले?”

“कार्यक्रम नसायचे तवा घर कुणाच्या डब्यांवर चाललं?”

“म्हणून जगाला ऐकवायचं? काढायला सांगायचं नाही का त्या स्टुडिओवाल्याला?”

“काढतो म्हणाला. मीच म्हणलं, ऱ्हाऊ दे.”

“परत लावा.”

“पुन्यांदा?”

“लावा हो. आणि हे धरा शंभर.”

“हे कशाला आता?”

“तुमचं गाणं खोटं नको पडायला.”

“मग उभं ऱ्हाऊन नाव पुकारू?”

“गप बसा. कंडक्टर आलाय, त्यातून दोन तिकिटं काढा.”