बाबांच्या फोटोपुढचा चहा

तुम्ही हसाल, पण आमच्या बेटेगावच्या घरी घडलंय तेच सांगतो. बाबा शुगरने गेले. तेव्हापासून आई रोज चार वाजता त्यांच्या फोटोपुढे गोड चहा ठेवते, आणि दिवाबत्तीला कप रिकामा असतो. घरात आम्ही दोघंच.

मला आईच्या तब्येतीची धास्ती वाटायला लागली. बोईसरच्या मेडिकलमधून तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारं किट आणलं. तिच्या बोटातून रक्ताचा एक थेंब घेतला. आकडा आला सहा पॉइंट तीन. म्हणजे मधुमेह दारात उभा.

"आई, तू तर बिनसाखरेचा पितेस ना?"

ती ओशाळली. "त्यांचा कप मीच पिते रे. टाकवत नाय."

"आता नको पिऊस. तुला काय झालं तर मी कोणाकडे बघू?"

"नाय पिणार. त्यांची शपथ."

चहा ठेवणं चालूच राहिलं. कपही रिकामा होत राहिला. मला वाटलं, आई खोटं बोलते. तीन महिन्यांनी रागातच तिचं बोट धरलं.

पाच पॉइंट चार.

"म्हणजे तू खरंच पीत नाहीस?"

"नाय."

"मग कोण पितं?"

आईने बोट पदरात गुंडाळलं आणि फोटोकडे पाहिलं.

"त्यांची पण शुगर बघ की," ती म्हणाली, "पण बोट कुठून आणशील?"