बुलबुलापुढची काडी

न्हाई न्हाई साहेब, त्या खुर्चीवर नका, तिचा पाय मोडका हाय — ती मी दुसऱ्या एकासाठी मांडून ठेवली. इथं बाजेवर बसा. तर तुम्ही लातूरहून आलात, पाखरांच्या फोटोचं प्रदर्शन तुमचं, अन् तुम्हाला विचारायचंय की धम्मानंदच्या फोटोतल्या काड्या कापल्या कोणी. घरट्याची फांदी तोडून काढलेला फोटो तुम्ही घेत न्हाई, वरून त्या माणसाचं नाव कायमचं काढून टाकता. चांगला कायदा हाय. पण त्यानं न्हाई कापल्या. लिहा — हणमंतराव, रिटायर पाटकरी, विष्णुपुरी, सातवी नापास, सांगतो की त्यानं न्हाई कापल्या. झालं तुमचं काम. चहा घ्या.

कशावरून म्हणता? अहो, तीस वर्षं वळखतो त्याला. तो तहसीलमधी कारकून, मी कालव्यावर. वाटंत मुंग्यांची रांग दिसली तर सायकलवरून उतरणारा माणूस. मी एकदा त्याला खोटंच सांगितलं, तुझी बदली झाली हिमायतनगरला — दोन दिवस सामान बांधून बसला होता गडी. रिटायर झाला अन् कॅमेरा घेतला, हा एवढा. पंचशीलावहिनी म्हणतात, नातवाला इतकं मांडीवर घेत न्हाईत जितकं ह्याला घेतात. मोबाइलवर पाखरांच्या फोटोचा ग्रुपही त्यानंच काढला — डॉक्टर, मास्तर, इंजिनिअरिंग कॉलेजातली ती शिवानी. मी कशाला त्यात? पाखरं कुठं बसतात ते मला ठावं, त्यांना न्हाई, म्हणून.

आमच्यात रीत अशी — रविवारी ज्यानं-त्यानं एक फोटो टाकायचा अन् बाकीच्यांनी खोट काढायची. वा वा म्हणायला बंदी, म्हणलं की त्याच्याकडून सगळ्यांना भजे. आंघोळ घालणं म्हणतो आम्ही त्याला. आता उजेड-बिजेड मला काय कळत न्हाई, मला कळते काडी. अन् धम्मानंदच्या फोटोत काडी ठरलेली. खंड्या मस्त बसलाय — डोळ्यावरून काडी. बगळा — चोचीपुढं काडी. त्याचं ध्यान सगळं पाखरावर, काडी त्याला दिसतच न्हाई. एका रविवारी मी नुस्तं कुऱ्हाडीचं चित्र पाठवलं, शब्द एक न्हाई. लोक लई हसले. पुढच्या रविवारी माझ्या आधी पाच जणांनी पाठवलं. मंग त्याचा फोटो आला की कुऱ्हाडीच कुऱ्हाडी, अन् तो खाली हसरं तोंड पाठवायचा. मला वाटायचं हसून राहिला. वहिनी बाजारात भेटल्या तवा म्हणाल्या, भाऊ, शनिवार आला की हे जेवत न्हाईत.

त्याच हप्त्यात कालव्याच्या कडंला बोरीत बुलबुलाचं घरटं दिसलं मला. पिल्लं तीन, नुस्ती तोंडं. म्हणलं, धम्मा, उद्या सकाळी ये. आला, काढला, रविवारी टाकला — साफ. आईच्या चोचीत अळी, तीन लाल तोंडं, पुढं काही न्हाई. बंदी मोडून लोक वा वा म्हणले. तुमच्याकडं पाठवा हे डॉक्टरच म्हणले. अन् त्याच सांजच्याला शिवानी गेली तिथं बघायला, तर पिल्लं वाळून गेलेली. एप्रिलचं ऊन हाय साहेब, नांदेडचं, दगडावर हात ठेववत न्हाई. तिनं कापल्या काड्यांच्या खुंटांचा फोटो टाकला ग्रुपवर. त्या फोटोची खोट कोणी काढली न्हाई. धम्मानंदनं लिहिलं, मी न्हाई कापल्या. एकानं उत्तरात कुऱ्हाड पाठवली. तो ग्रुप सोडून गेला.

दाखवा — हो, हाच फोटो. दोन खुंट कशाचे, तीन हायत. तिसरी मागच्या अंगाला होती, जाड, पाखराच्या डोक्याला शिंग फुटल्यावाणी दिसायची, ती कापली तर थेट कालव्यात पडली अन् —

चहा गार झाला तुमचा.

हाव. कात्री माझी, डाळिंब छाटायची. तो यायच्या अर्धा तास आधी गेलो. वाटलं, एक रविवार तरी सुखानं जेवंल. त्याला सांगायचंच न्हाई, त्याला वाटू द्यायचं आपल्याला जमलं — थट्टाच म्हणा, पण चांगली. पुढच्या दोन काड्यांनी काय झालं नसतं. ती मागची, ती उन्हाच्या अंगाला होती, दुपारची सावली तिची. अन् हे मला ठावं नव्हतं असं म्हणू का? चाळीस वर्षं दुपारची भाकर त्याच बोरीखाली खाल्ली मी, सावली कुठून कुठं सरकते ते डोळे झाकून सांगतो. पण त्या सकाळी मला शिंगच दिसून राहिलं होतं. फोटो काढणाऱ्यासारखं बघितलं मी, पहिल्यांदाच.

सांगितलं न्हाई कसं? गेलो होतो. दारात उभं राहून म्हणलं, धम्मा, मी कापल्या. तो म्हणला, हणमंता, आज थट्टा नको. अन् दार लावलं, सावकाश, आवाज न करता. परवा फिरून गेलो तर वहिनी बाहेर आल्या. म्हणल्या, भाऊ, तुम्हाला हसायला दुसरं कुणी भेटत न्हाई का? कॅमेरा कपाटाच्या वर ठेवून दिलाय म्हणे, फडक्यात बांधून. ग्रुपवर? ग्रुपवर मी हायच की अजून. रोज लिहितो, रोज पुसतो. तिथंही माझं कोण खरं मानंल — मित्राला वाचवून राहिला म्हणतील, वर हसतील.

तुम्ही लिहून राहिलात का? थांबा — न्हाई, लिहा. तुमचा कागद शिक्क्याचा असतो ना? मंग तो त्याच्या घरच्या पत्त्यावर पाठवा. टपालानं. शिक्का बघितल्याबिगर कारकून कशावर इस्वास ठेवत न्हाई. तिन्ही काड्या लिहा, तिसरी सुटू देऊ नका.

आता उठा. लातूरची गाडी दोनला हाय. मी येत न्हाई फाट्यापर्यंत — रस्ता कालव्यावरून जातो. तुम्ही निघा.